दुखतं ते कुणाचं?

विवरे, ता. रावेर
२१ फेब्रुवारी १९८८

ती. भाऊस,
दंडवत प्रणाम.

हे दोन शब्द वाचून तू पत्र बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी मी सासरच्या माणसांसोबत महानुभाव पंथाचा उपदेश घेतला, तेव्हा तुला कळवलेलं पत्र तू 'दंडवत प्रणाम'वर लाल शाईने काट मारून परत पाठवलं होतंस. खाली शेरा: 'ज्याला दंडवत घालतेस तो तूच आहेस, हे शिकवून मी थकलो.' पोरांच्या वहीवर लिहितोस तसा. त्यानंतर मी धुळ्याला दोनदा आले आणि दोन्ही वेळा तू मागच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलास. असो. भांडण उकरायला लिहीत नाही. म्हणजे तेही मनात आहे, पण आज दुसरं काम आहे.

कुंदावहिनीचं अंतर्देशीय आलं. वरती पापड, कुरडया, तुझा खोकला. आणि चिकटवायच्या घडीच्या आत, बारीक अक्षरात: मायच्या उजव्या छातीत गाठ आहे. दिवाळीत बोराएवढी होती, आता सुपारीहून मोठी झाली. वरची कातडी ओढल्यासारखी दिसते.

भाऊ, वहिनीने तुला हे भाऊबीजेच्या आठवड्यातच सांगितलं होतं. चार महिने होत आले. तू म्हणालास, "देहाचं देह बघेल." एवढ्यावर थांबला असतास तरी मी समजले असते, पुरुषांना अशा गोष्टी ऐकायला अवघड जातात. पण तू गुरुवारच्या प्रवचनात सांगितलंस की माझ्या घरात एक अक्षरशत्रू बाई आहे, तिचा देह दुखतो पण ती दुःखी नाही, तिला अद्वैत न शिकता आलेलं आहे. लोकांनी माना डोलावल्या. बायकांच्या बाजूला बसलेली वहिनी उठून घरी गेली. पंचवीस वर्षांत ती तुझ्या प्रवचनातून कधी मधेच उठली नव्हती. का उठली, हे तू तिला विचारलंस का?

माय दुःखी नाही, हे तुला कोणी सांगितलं? ती बोलत नाही. बाप गेल्यावर पंधरा एकर कपाशी तिने न बोलताच सांभाळली. न बोलणं आणि दुःख नसणं या दोन गोष्टी आहेत. तुझ्याकडे दोन गोष्टी नसतातच, ही माझी अडचण आहे.

धुळ्यात एवढे मोठे दवाखाने आहेत. तिला घेऊन जा. या आठवड्यात. मीच आले असते, पण वार्षिक परीक्षेचं काम अंगावर आहे.

प्रमिला


विवरे
९ मार्च १९८८

ती. भाऊस,

तुझं चार पानी उत्तर मिळालं. शाळेतून येऊन उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग राग आला म्हणून पुन्हा वाचलं. चार पानांत 'माया' अकरा वेळा आहे. मी मोजलं. 'माय' एकदाही नाही.

तू लिहितोस की वेदान्त दुःख नाकारत नाही, दुःखाला 'माझं' म्हणणं नाकारतो. बरं. तुझं नसेल. पण मायचं तरी म्हणशील?

तू लिहितोस, 'करणारा मी नाही आणि टाळणाराही मी नाही.' भाऊ, धुळ्याच्या स्टँडवर शिरपूरची गाडी हलली की पिशवी काखेत मारून पळताना मी तुला पाहिलंय. तेव्हा कोण पळत होतं? तूच मला शिकवलंस की परमार्थाचं सत्य वेगळं आणि व्यवहाराचं वेगळं, व्यवहारात व्यवहार पाळावा. मी ते विसरले नाही. तू सोयीने विसरतोस.

मी तुझीच विद्यार्थिनी आहे, हे तू विसरलास. बाप गेला त्या वर्षी तू वेदान्ताची पुस्तकं आणायला लागलास. मी बारा वर्षांची. खळ्यावर बसून तू मला मडक्यातलं आकाश आणि बाहेरचं आकाश समजावलंस. मडकं फुटलं की दोन्ही आकाशं एकच. मी विचारलं, मडक्यातलं लोणचं कुठे जातं? तू एवढा हसलास की मायने चुलीपासून उठून येऊन पाहिलं. पुढे गावाचा विरोध असताना तू मला डी.एड.ला घातलंस. म्हणून तुझ्यावर रागावताना मला त्रास होतो. नुसता उद्धट भाऊ असतास तर मी केव्हाच गप्प बसले असते.

शेवटी तू माझ्या पंथावर आलास. तुमच्यात जीव वेगळा, देवता वेगळ्या, प्रपंच वेगळा, परमेश्वर वेगळा, सगळं कायमचं वेगळं, आणि भेद आहे तिथे भीती आहे. एवढं लिहून खाली रेघ ओढलीस. मी उत्तर देते. परमेश्वर माझ्याहून वेगळा आहे म्हणून मी त्याला हाक मारू शकते. माय माझ्याहून वेगळी आहे म्हणून तिचं दुखणं मला विचारावं लागतं. सगळं एकच म्हटलं तर विचारायचं कुणाला?

हे वादासाठी लिहिलेलं नाही. गाठ वाढते आहे. वाद पुरेल, वेळ पुरणार नाही.

डॉक्टरकडे नेलंस की नाही, एवढंच उत्तर पाठव. एका शब्दात. कार्डावर.

प्रमिला


जळगाव
२७ मार्च १९८८

भाऊ,

गुरुवारी संध्याकाळी तू शाळेतून आलास तेव्हा मायची खाट रिकामी होती. तोवर आमची गाडी पारोळ्याच्या पुढे गेली होती. वहिनीला काही बोलू नकोस. तिने फक्त लुगडी घडी घालून दिली आणि दाराशी उभी राहिली. तिला रागावलास तर हे पत्र तिला वाचून दाखव, म्हणजे कुणावर रागवायचं ते तुझ्या लक्षात येईल.

तुझं कार्ड आलं नाही म्हणून मी आले. शाळेत रजा टाकली. मागे परीक्षेचं कारण लिहिलं होतं, ते अर्धंच खरं होतं. माझ्या येण्याला दुसरीही एक अडचण होती, ती पुढे कधी लिहीन.

मी खोलीत शिरले तेव्हा माय भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर ठेवलेला. मला पाहून म्हणाली, "तू कवय उनी?" मी म्हटलं, आत्ताच आले, चल, जळगावला जाऊ. कशाला, म्हणून तिने विचारलं नाही. उलट म्हणाली, "भाऊले इचारं का?"

"नाही."

तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "भाऊ म्हनस, आंग आपलं नही शे. मंग हाई दुखस ते कोनं शे, इचार त्याले."

मी विचारते आहे. उत्तर दे.

गाडीत ती खिडकीशी बसली. एरंडोलपर्यंत ठीक होती. पुढे रस्ता उखडलेला, प्रत्येक गचक्याला ती ओठ आत ओढून घ्यायची. मी माझा हात तिच्या पाठीमागे घातला. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी विचारलं, "बाईंना काय होतंय?" माय म्हणाली, "काही नही." याला तू साक्षीभाव म्हणतोस. मी शेजारी बसले होते. तिच्या काखेत घाम आला होता आणि हात बर्फासारखा झाला होता.

इथले डॉक्टर वयस्क आहेत. त्यांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "एवढे महिने काय करत होतात?"

मी म्हटलं, "आमच्यात चर्चा चालली होती."

त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

मंगळवारी, २९ तारखेला, ऑपरेशन आहे. काखेपर्यंत काढावं लागेल. कागदावर सही लागते. त्यांनी विचारलं, "मुलगा नाही का?" मी म्हटलं, आहे, धुळ्याला. "मग त्यांना येऊ द्या, घाई नको, दोन दिवस आहेत." म्हणून मी जागा कोरी ठेवली आहे. तू ये. तत्त्वज्ञान घेऊन ये, माझं काही म्हणणं नाही, पण ये. पत्र वेळेत मिळावं म्हणून धुळ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते आहे. आठ वाजताची गाडी घेतलीस तर दुपारी पोचशील. स्टँडवर जीवराम उभे राहतील. तुझे मेहुणे तुझ्याशी भांडायचे नाहीत, ते कुणाशीच भांडत नाहीत.

प्रमिला


जळगाव
३० मार्च १९८८

ऑपरेशन झालं. सही मी केली. शुद्धीवर आल्यावर मायने पहिला प्रश्न विचारला, "भाऊ उना का?" मी म्हटलं, वाटेत आहे. जीवराम काल सकाळपासून अंधार पडेपर्यंत स्टँडवर उभे होते. धुळ्याची प्रत्येक गाडी त्यांनी पाहिली.

प्र.


विवरे
४ मे १९८८

ती. भाऊस,

महिनाभर तुला लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. आज लिहिते आहे, कारण तुला दोष द्यायच्या भरात मी तुझ्यावर एक खोटा दोष घातला आहे, आणि तो मला खाली बसू देत नाही.

माय आमच्याकडे आहे. जखम भरली. हात खांद्यापर्यंत वर जातो. सकाळी ओसरीवर बसते, केळीचे घड घेऊन जाणाऱ्या गाड्या पाहते, दोन घास जास्त जेवते. आता नीट ऐक.

ती धुळ्याहून निघाली तेव्हा पदराच्या गाठीत एकवीरेचा टाक घेऊन आली होती. चांदीचा, नखाएवढा, तिच्या सासूने दिलेला. दवाखान्यात तिने तो नर्सला काढू दिला नाही. शेवटी माझ्या मुठीत दिला तेव्हा आत गेली. नंतर मी तो परत तिच्या पदराला बांधला.

आमच्या घरात देवता ठेवत नाहीत. हे तुला माहीत आहे. देवतांना आम्ही खोटं म्हणत नाही, पण त्या परमेश्वर नव्हेत, त्यांच्याकडून मोक्ष नाही, म्हणून त्यांची पूजा नाही, त्यांचा प्रसाद नाही. माझे सासरे नथ्थूआबा या बाबतीत कडक आहेत. मायला आणायचं ठरलं तेव्हाच म्हणाले होते, "प्रमिला, तुही माय ते माही इहीन हाये, तिले आन, जलमभर ठेव. पन देवता घरात नको आनू." हीच ती अडचण, जी मी तुला लिहिली नव्हती. फेब्रुवारीतच मी धुळ्याला निघू शकले असते. टाकाशिवाय माय येणार नाही आणि टाकासकट आबा घेणार नाहीत, या पेचात मी चार आठवडे घालवले आणि तुला मात्र एक एक दिवस मोजून दाखवला.

विवऱ्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी, मायला न्हाऊ घालताना मी लुगड्याची गाठ सोडली आणि टाक काढून घेतला. शाळेत माझ्या वर्गातल्या कपाटात, खडूच्या खोक्यात ठेवला. संध्याकाळी तिने पदर चाचपला. "मन्ही देवी कोठे शे?"

मी म्हटलं, धुळ्यालाच राहिली असेल, भाऊकडे. दवाखान्यातलं तिला नीट आठवत नव्हतं, औषधांनी डोकं जड होतं, म्हणून खपलं. तेव्हापासून रोज ती तुला बोल लावते. गाठीचं तिने तुला कधी बोल लावलं नव्हतं. न येण्याचंही नाही. टाक तू ठेवून घेतलास म्हणून मात्र लावते. "देवीले नही मानस तो, म्हनीसन ठी लिधी." आणि मी समोर बसून वरणाला फोडणी देते.

तू लिहिलं होतंस, भेद आहे तिथे भीती आहे. मी त्यावर मोठं उत्तर दिलं होतं. भाऊ, मला आबांची भीती वाटली. परमेश्वराची नाही, आबांची. एवढंच कारण.

पण तुझं बरोबर ठरलं म्हणून हुरळू नकोस. तुझ्या घरी तरी त्या टाकाला कुठे जागा होती? तू त्याला 'अज्ञानाची पहिली पायरी' म्हणायचास, मायसमोर, पाहुण्यांसमोर. ती माजघरात फडताळामागे ठेवून हात जोडायची. तुझ्या एकात तिची देवी मावली नाही आणि माझ्या चारांतही नाही. आपण दोघांनी शिकून काय केलं?

मी आज घरी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तुला लिहिते आहे, कारण तू दूर आहेस.

प्रमिला


विवरे
५ जून १९८८

ती. भाऊस,

तू येऊन गेलास त्याला दोन आठवडे झाले. जे घडलं ते तुला ठाऊकच आहे, तरी मी माझ्या बाजूने लिहून ठेवते. नाहीतर तू त्याचं प्रवचन करशील, आणि वहिनीचं कालचं पत्र पाहता तू ते केलंही आहेस. त्यावर शेवटी येते.

तू ओसरीवर चढलास तेव्हा मी आत कणीक मळत होते. मायचा आवाज ऐकला, "देवी कशी भुली गया रे?" मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. तू माझ्याकडे पाहिलंस. माझं पत्र तुझ्या खिशात होतं, मला वरून दिसत होतं. मला वाटलं, आता हा काढून वाचेल. तू वाकून मायच्या पायांना हात लावलास आणि म्हणालास, "चुकलं माय. आणतो." बस. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मग तू म्हणालास, "मळा दाखव." नऊ वर्षांत तू माझा मळा पाहिला नव्हतास.

केळीत आपण पाटाच्या कडेला उभे होतो. मी सगळं ओकले. सहा महिन्यांचं, नऊ वर्षांचं. ऑपरेशनच्या दिवशी का आला नाहीस, हे चार वेळा विचारलं. तू पाटातलं पाणी बघत होतास. मग तू ते सांगितलंस.

बापाच्या ऑपरेशनच्या कागदावर तूच सही केली होतीस. एकवीस वर्षांचा होतास. माय म्हणत होती, घरी नेऊ, वैद्याला दाखवू. तू शिकलेला, तू म्हणालास, नाही, सही करतो. चौथ्या दिवशी बाप गेला. मायने तुला कधी एक शब्द विचारला नाही. "तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं," तू म्हणालास. "सत्तावीस वर्षं मी वाट पाहतोय." आणि जळगावला यायला तू निघाला होतास. स्टँडवर येऊन बसलास, तीन गाड्या सोडल्यास आणि घरी परत गेलास. "करणारा मी नाही, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं, प्रमिला. म्हणून मी ते वाचलं. ते खरं आहे, पण मी ते भीतीने वाचलं."

तू रडत होतास आणि मला तुझी कीव येण्याऐवजी आधी रागच आला. एवढंच होतं तर एवढंच लिहायचं! चार पानं कशाला? अकरा वेळा माया कशाला? 'मला सही करायची भीती वाटते' एवढं कार्डावर मावलं असतं. मी त्या क्षणी जळगावला निघाले असते आणि तुला वाईटही म्हटलं नसतं.

मग आपण शाळेत गेलो, मी खोक्यातून टाक काढून तुझ्या हातावर ठेवला. येताना मी म्हटलं, मायला मी खरं सांगते. तू म्हणालास, आधी आबांना सांग. तुझ्या मागे उभी राहून मी आबांना सांगितलं. चाळीशीला आलेली बाई, भावाच्या पाठीमागून बोलत होती.

मला वाटलं, आता घर मोडतं. मग आबा उठले, खुंटीवरची घोंगडी घेतली, तांब्या घेतला. "ते बाई हाये तोवर मी मळ्यात राह्यतो. माहा नेम मी सांभायतो, तिचा ती सांभायीन. भाकर तेवढी धाडजो." तू त्यांना थांबवायला गेलास, तर म्हणाले, "मास्तर, तुमाले वाटते मी रागावलो. मी रागावलो नाही. मले नेम मोडता येत नाही आन तिले काढताबी येत नाही. मंग मीच बाहेर जातो, त्यात काय?"

ते अजून मळ्यातच आहेत. भाकर घेऊन गेलं की पहिलं विचारतात, तुही माय जेवली का.

मायला मी सांगितलं. टाक मीच काढला होता, भाऊने नाही. तिने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बठ्ठं एकच शे म्हनस ना तू भाऊ? खरं शे. तुम्ही दोन्ही एकसारखाच शेतस. मन्हं कोनी आयकस नही." आणि टाक पदरात बांधून ती पाठ फिरवून निजली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

आता वहिनीचं पत्र. मागच्या गुरुवारी तू प्रवचनात आबांची गोष्ट सांगितलीस म्हणे. एक द्वैती म्हातारा स्वतःच्या घराबाहेर गेला, कारण आतून तो अद्वैतीच होता. भाऊ!! आबा अद्वैती नाहीत. त्यांना विचार, ते तुला हाकलून देतील. ते त्यांच्या मताला धरून राहिले आणि तरी मायला जागा दिली, हे तुला तसंच्या तसं का घेता येत नाही? चांगलं काही दिसलं की ते तुझ्याच दुकानातलं असलं पाहिजे का? आणि बापाच्या सहीबद्दल, तीन गाड्यांबद्दल प्रवचनात अवाक्षर नाही. मी डोकं धरून बसले. जीवराम म्हणाले, "तुझा भाऊ आला, रडला, गेला. एवढ्यावर समाधान मान." मला मानता येत नाही.

माय पावसाळा इथेच काढेल. त्यानंतर म्हणते, धुळ्याला जाईन. 'मन्हं घर ते शे' म्हणते. तिला आण किंवा मी पोचवते, पण यायच्या आधी एक कर. तिच्यासमोर बसून बापाच्या सहीचं विचार. तिने विचारण्याची वाट पाहू नकोस. ती विचारायची नाही.

प्रमिला


विवरे
२० नोव्हेंबर १९८९

भाऊ,

परवा तेराव्याहून परतले. गाडीत लिहायला घेतलं होतं, अक्षर लागेना. आज शाळेला सुट्टी आहे.

माय दीड वर्ष जगली. डॉक्टर म्हणाले होते सहा महिने. शेवटचा महिना तू रजा घेऊन तिच्याजवळ होतास, तिचं सगळं केलंस, वहिनीला हात लावू दिला नाहीस, हे वहिनीनेच सांगितलं. तू तिला सहीचं विचारलंस हेही सांगितलं, पण ती काय म्हणाली ते वहिनीला माहीत नाही. तू मला सांगितलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालास, "ते आमच्या दोघांत राहू दे." मला राग आला. मी त्या बापाची मुलगी नाही का? नंतर वाटलं, ठीक आहे. पण राग पुरता गेला नाही, तोही कळवते.

तेराव्याच्या दिवशीचं मला लिहायचं आहे.

मी सकाळपासून ओट्याच्या कोपऱ्यात बसले होते. आत भटजी, पिंड, नैवेद्य, सगळं विधीप्रमाणे. अद्वैत सांगणाऱ्याने एवढे पिंड कशाला पाडले, हा प्रश्न माझ्या ओठांवर होता. मी गिळला. माय त्या विधींना मानत होती, तू तिचं केलंस, बरोबर केलंस. पण ते अन्न मला चालत नाही. आमच्यात पिंडाचं, नैवेद्याचं खात नाहीत. बायका येऊन येऊन सांगत होत्या, चल, पानावर बस. एक म्हणाली, "आईच्या तेराव्याला लेक उपाशी? असला कसला धर्म?" दुसरी म्हणाली, "भाऊ तर सगळं एकच म्हणतो आणि बहीण बघा." मी मान खाली घालून बसले. आईला शेवटचं पाहायला मी वेळेत पोचले नव्हते, आणि आता तिच्या नावाचं जेवतही नव्हते. मला उठून स्टँडवर निघून जावंसं वाटलं. पिशवी हातात घेतलीही होती.

तू पंक्तीतून उठलास. यजमान तू, सगळे तुझी वाट बघत थांबलेले. तू मागच्या अंगणात गेलास. मला वाटलं, रडायला गेला. मग स्टोव्हचा आवाज आला. वहिनी धावत गेली, तिला तू परत पाठवलंस. भटजींनी हाक मारली, तू आतून ओरडलास, "तुम्ही सुरू करा, मला उशीर आहे."

अर्ध्या तासाने तू पातेलं घेऊन बाहेर आलास. मुगाची खिचडी. घरातल्या कोठीतल्या तांदळाची नाही, शेजारून मागून आणलेल्या तांदळाची, हे तू आधी सांगितलंस, मी विचारण्याआधी. दोन थाळ्या मांडल्यास. मला वाढलंस. मग स्वतःला वाढून माझ्यासमोर मांडी घालून बसलास. आतली पंगत उठून दाराशी येऊन बघत होती. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, आईच्या तेराव्याचं पान टाकून हे काय?" तू मान वर केली नाहीस. खिचडी खाली करपली होती आणि मीठ दुप्पट पडलं होतं. पन्नास वर्षांचा झालास, पहिल्यांदा काहीतरी शिजवलंस.

मी पहिला घास तोंडात घातला. तू म्हणालास, "जेव प्रमिला. तू आणि मी काय वेगळे आहोत?"

मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तोंडात घास होता आणि डोळ्यांत पाणी होतं, आणि तुला वाटलं असेल की अखेर हिला पटलं. पटलं नाही, भाऊ. म्हणून लिहिते आहे. आपण वेगळे आहोत. दोघं आहोत. दोघं होतो म्हणून तू वाढलंस आणि मी जेवले.

तुझी बहीण,
प्रमिला